जे आधी खराब होतं ते आधी खायचं: आमच्या आठवड्याच्या जेवणाचं प्लॅनिंग

मला स्वयंपाकाचा कंटाळा कधीच नव्हता, कंटाळा होता तो काय करायचं हे ठरवण्याचा. आम्ही दोघं कामावरून घरी येतो तेव्हा डोकं बधीर झालेलं असतं, मुलीला भूक लागलेली असते, अण्णांना (माझे वडील) गोळ्यांमुळे वेळेवर जेवायचं असतं, आणि अशा वेळी फ्रिजचं दार उघडून जे काही ठरतं ते एकतर बाहेरून मागवलेलं असतं नाहीतर बटाटा असतो. बटाट्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण दिवसाआड बटाटा म्हणजे जरा अतीच. त्यात महिन्याचा हिशोब बघितला तर किराणा पण वाढलेला आणि बाहेरचं पण वाढलेलं. म्हणजे घरात आणतोय पण, आणि खातोय बाहेरचं, मग घरात आणलेलं जातं कुठे?

बायको म्हणाली, "आठवड्याचं आधी ठरवून टाक, स्वयंपाक वाटून करू, पण संध्याकाळी सातला मला कोणी 'आज काय करायचं' विचारायचं नाही." तर ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्याला आता बराच काळ झाला आणि मधे बऱ्याच गोष्टी बदलल्या, त्या लिहितोय.

सगळ्यात आधी मी काहीच प्लॅन केलं नाही. फ्रिजवर एक कागद लावला आणि दोन रकाने केले, काय खाल्लं आणि काय टाकलं. बस. घरच्यांना सांगितलं की कोणी कोणाला बोलणार नाही, टाकलं तर फक्त लिहायचं. हा कागद माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग आहे आणि लोक नेमका हाच वगळतात, थेट तक्त्यावर उडी मारतात. आमच्या कागदावर जे टाकलेलं निघालं ते बघून गंमत वाटली, कारण तिथे महागाच्या वस्तू जवळपास नव्हत्याच. होत्या त्या पालेभाज्या, अर्धी चिरलेली काकडी, ब्रेडचे शेवटचे तुकडे, डब्यात उरलेला भात आणि एका रेसिपीसाठी आणलेली कसलीतरी हिरवी पानं. स्वस्त म्हणून जास्त आणलेलं, आणि चांगलं म्हणून आणलेलं, म्हणजे पालेभाजी आणताना आपण जो पुण्य केल्याचा फील घेतो ना, तो आणतानाच संपतो, ती निवडायची वेळ आली की कोणीच नसतं.

नंतर कधीतरी वाचलं की संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधून. हॉटेलं, दुकानं हे सगळं मिळून उरलेलं ४० टक्के. माणशी घरातून वर्षाला ७९ किलो अशी सरासरी आहे (यात सालं, हाडं असलं न खाण्यासारखं पण धरलेलं असतं). चार माणसांच्या घराला लावलं तर आठवड्याला सहा किलो होतात. आमचं तेवढं नसेल, पण कागद बघितल्यावर "आपल्याकडे काही वाया जात नाही" हे वाक्य मी बोलायचं बंद केलं.

मग प्लॅन. इंटरनेटवर तयार तक्ते ढिगाने मिळतात आणि दिसतात फार सुंदर. सात दिवस, तीन वेळचं, एकवीस वेगवेगळे पदार्थ. माझं मत विचाराल तर ते तक्ते जेवणाऱ्या माणसासाठी केलेले असतात, करणाऱ्या माणसासाठी नाही. प्रत्येक पदार्थाला काहीतरी एक चमचा लागतं जे एरवी घरात लागत नाही, मग त्याची अख्खी बाटली आणा, आणि ती बाटली पुढच्या वर्षी तारीख उलटल्यावर फेका. शिवाय सोमवारी जे ठरलंय ते सोमवारीच व्हावं यासाठी सोमवारने पण तसं वागायला हवं ना. सोमवारी उशीर झाला की मंगळवारचं बिघडतं, बुधवारपर्यंत सगळं एकमेकांत अडकतं आणि शुक्रवारी बाहेरून मागवलेलं येतं.

तिथून मग एक गोष्ट सुचली, आणि अजूनही सगळं त्यावरच चालू आहे. पदार्थ ठरवायचेच नाहीत. आणलेल्या वस्तूंमधली कुठली आधी खराब होणार त्या क्रमाने आठवडा लावायचा. एवढंच. ऐकायला फारच साधं वाटतं, पण त्यामुळे रोजचा प्रश्न "आज काय खावंसं वाटतंय" वरून "आज काय संपवायचंय" वर येतो, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फ्रिजमध्येच असतं, त्यासाठी मूड लागत नाही.

आम्ही भाजी शनिवारी संध्याकाळी आणतो. रविवार-सोमवार पालेभाजी आणि मशरूमसारख्या नाजूक गोष्टी. मंगळवार-बुधवार फ्लॉवर, फरसबी, सिमला मिरची, वांगी. गुरुवार-शुक्रवार कोबी, गाजर, बीट, भोपळा, हे सगळे दमदार लोक, आठवडाभर काही होत नाही त्यांना. आणि त्याच्याही पलीकडे फ्रीझरमधले मटार आणि डब्यातली कडधान्यं, जी वाटच बघत असतात. शनिवार दुपारी फ्रिज जवळपास रिकामा दिसला पाहिजे. आधी रिकामा फ्रिज बघून मला अस्वस्थ व्हायचं, आता भरलेला बघून होतं.

फ्रोझन मटारांबद्दल एक सांगतो कारण यावरून घरात वाद झाला होता. अण्णांचं मत की फ्रीझरमधलं म्हणजे शिळं. पण हे मटार तोडल्यावर थोड्याच वेळात गरम पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे त्यांच्यातली जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात, उलट "ताजे" म्हणून आणलेले आणि मग चार-पाच दिवस पडून राहिलेले मटार कधीकधी त्यापेक्षा कमी पडतात. अण्णा म्हणाले, "अरे पण चव?" चवीचं मात्र त्यांचं बरोबर आहे, ताज्या कोवळ्या मटारांची सर नाही. पण भातात टाकले तर ते पण खातात, बोलत नाहीत काही.

किती आणायचं हा पुढचा भाग, आणि इथे मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की १० वर्षांपुढच्या कोणीही रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत (६ ते ९ वयाच्या मुलांना ३५०, २ ते ५ च्या मुलांना २५०), आणि यात बटाटा, रताळं वगैरे पिष्टमय कंद धरायचे नाहीत. आमच्या घरात चौघंही दहाच्या वरचे, म्हणजे ४ गुणिले ४०० गुणिले ७, बरोबर ११ किलो २०० ग्रॅम. आठवड्याला! सालं-देठं जाऊन! आमची पिशवी त्याच्या निम्म्याच्या आसपास असायची आणि त्यातही कांदे-बटाटेच भरलेले. मी हा आकडा सांगितल्यावर बायको म्हणाली, "आणायला गाडी लागेल." लागते, खरंच दोन पिशव्या लागतात. पण यात फळं पण आहेत, आणि कलिंगडासारखं एखादं जड फळ आणलं की आकडा पटकन पुढे सरकतो. रोज पूर्ण ४०० होतातच असं नाही, शुक्रवारी तर नाहीच होत, पण निदान आता कमी पडलं तर किती कमी पडलं ते कळतं.

ताटासाठी मी हार्वर्डने २०११ मध्ये काढलेलं ताटाचं चित्र डोळ्यासमोर ठेवतो. अर्धं ताट भाज्या-फळं, पाव ताट धान्य (शक्यतो कोंड्यासकट), पाव ताट प्रोटीन. त्यातही बटाटा भाजीत धरलेला नाही. बिचाऱ्या बटाट्याला कुठेच जागा नाही असं वाटेल पण मी तो धान्याच्या पावात बसवतो, म्हणजे बटाटा असेल त्या दिवशी भात कमी, एवढं लक्षात ठेवलं की झालं. कॅलरी मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही आणि पडणार पण नाही, नजरेने अर्धं-पाव-पाव करता येतं, आणि मुलीसमोर अन्नाचे आकडे मोजत बसणं मला बरं वाटत नाही.

प्रोटीनचा हिशोब मात्र केला, कारण पैसे तिथेच जातात. लोकांना वाटतं हेल्दी म्हणजे महाग, आणि ते बहुतेक वेळा पाकिटावर प्रोटीन असं मोठ्या अक्षरात छापलेल्या वस्तूंमुळे वाटतं. मी काय केलं, १०० ग्रॅमची किंमत घेतली आणि तिला १०० ग्रॅममधल्या प्रोटीनने भागलं, म्हणजे एक ग्रॅम प्रोटीन केवढ्याला पडलं ते निघतं. कोरडी मसूर डाळ साधारण २४ ग्रॅम, राजमा २३, चणे २० च्या आसपास, सोयाबीन ३६, शेंगदाणे २५, एका अंड्यात ६, दूध १०० मिलीला ३ च्या थोडं वर. भाव जिथे तिथे वेगळे असतात त्यामुळे माझे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, ज्याने त्याने आपला अर्धा तास घालवून ही यादी करावी, पण आमच्या यादीत कोरडी कडधान्यं आणि सोयाबीन अगदी तळाशी म्हणजे सगळ्यात स्वस्त, मग अंडी आणि दूध, आणि सगळ्यात वरती ते प्रोटीनचे बार, इतके वरती की मधे कागदाचं पान उलटावं लागलं.

आणि लागतं किती? सर्वसाधारण निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. दीडशे ग्रॅम गव्हाच्या पिठातून १८, पाऊणशे ग्रॅम तांदळातून ५, साठ ग्रॅम डाळ-कडधान्यातून १४, एका अंड्यातून ६, पाव लिटर दुधातून ८. झाले की ५१. धान्यातून इतकं येतं हे मला नवीन होतं. वर धान्यात लायसीन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीन ज्यापासून बनतं त्यातला एक घटक) कमी असतं ते कडधान्यात भरपूर असतं, आणि कडधान्यात मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल कमी ते धान्यात मिळतं, म्हणून दोन्ही मिळून काम होतं, आणि ते एकाच जेवणात असलं पाहिजे असंही नाही, दिवसभरात झालं तरी चालतं. अण्णांचं जरा वेगळं, वय झालं की स्नायू टिकवायला थोडं जास्त, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणून त्यांच्या वाटीत डाळ घट्ट आणि रात्री एक कप दूध. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र हे स्वतःच्या मनाने वाढवू नये, डॉक्टरांना विचारूनच.

आता खरं काम, म्हणजे रविवारची सकाळ. मी आठवड्याचं जेवण रविवारी शिजवून डबे भरून ठेवत नाही. ते डबे फोटोत छान दिसतात, पण गुरुवारी तो रविवारचा डबा उघडताना जे वाटतं ते फोटोत येत नाही. शिवाय शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवू नये, त्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने पण अख्खा आठवडा बसत नाहीच. मी अर्धवट काम करून ठेवतो. दोन कडधान्यं शनिवारी रात्री भिजवायची, रविवारी एकामागून एक शिजवायची, एक त्या दिवशी आणि सोमवारी, दुसरं वाटे करून फ्रीझरला. कोरडे चणे शिजल्यावर वजनाने दुपटीच्या वर जातात त्यामुळे अर्धा किलो भिजवले तर चौघांना दोन-तीन वेळा आरामात. पिशवीत चपटे पसरवून गोठवायचे, म्हणजे लवकर सुटतात आणि जागा पण कमी खातात. सोबत कांदा-लसूण-टोमॅटो परतून एक डबा. बास. या डब्यात चणे टाका नाहीतर अंडी टाका नाहीतर पातळ करून सूप करा, निम्मं काम झालेलंच असतं, आणि संध्याकाळी दमून आल्यावर निम्मं म्हणजे फार.

राजम्याबाबत एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ करून घेतली आहे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी लेक्टिन (एक प्रकारचं प्रोटीन) असतं, चार-पाच दाणे सुद्धा पोट बिघडवायला पुरतात. निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, आणि नवीन पाण्यात खळाखळा उकळून पूर्ण मऊ शिजवायचा. अमेरिकेतली अन्न व औषध संस्था अर्धा तास उकळायला सांगते. प्रेशर कुकरमध्ये प्रश्न येत नाही, पण ती मंद आचेवर तासनतास शिजवायची इलेक्ट्रिक भांडी असतात ना, त्यात थेट कच्चा राजमा टाकायचा नाही, कारण तेवढं तापमान चढतच नाही आणि अर्धवट गरम झाल्याने ते विष उलट वाढू शकतं.

भाताचं पण तसंच, आणि हे तर बहुतेकांना माहीतच नसतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात जे शिजवल्यावरही मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "दुपारचा आहे, चांगला गरम करून घेते" हे पुरत नाही. भात उरणार असं दिसलं की ताटात पसरवून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उकाडा फार असेल तर तासाभरातच, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रिज पण ५ अंशांच्या खाली पाहिजे. आमच्या फ्रिजचं मी थर्मामीटर ठेवून बघितलं, आतल्या कप्प्यात ठीक होतं पण दारात चांगलंच जास्त, आणि आम्ही दूध नेमकं दारात ठेवत होतो कारण दाराला तसा कप्पाच दिलेला असतो. आता दूध मागच्या बाजूला आणि दारात सॉस-लोणची.

टिकवण्याच्या बाबतीत जे खरंच फरक पाडून गेलं तेवढंच सांगतो. पालेभाजी न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून, धुवायची ती वापरायच्या आधी. गाजर-बिटाची पानं आणल्या आणल्या कापायची, नाहीतर पानं खालच्या कंदातला ओलावा ओढून घेतात आणि गाजर लिबलिबीत. बटाटे अंधारात आणि कांद्यांपासून लांब, उजेडात हिरवे पडलेले बटाटे तर नकोच, त्यात सोलानीन नावाचं विष असतं. सफरचंद आणि केळी पालेभाजीच्या शेजारी ठेवायची नाहीत, ती इथिलीन वायू सोडतात आणि पानं लवकर पिवळी पडतात. आमच्याकडे फळांची टोपली आणि भाजीची टोपली वर्षानुवर्षं एकावर एक होती, काय म्हणणार.

खरेदीला जाताना यादी आणि पोटात काहीतरी, हे सगळेच सांगतात त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. फक्त मोठं पाकीट म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका, किलोचा भाव काढून बघा, बऱ्याचदा मधलं पाकीट स्वस्त निघतं. आणि स्वस्त असलं तरी आपल्याकडे संपतं का ते बघा, कारण टाकलेल्याची किंमत पण त्यात धरायला हवी, जी दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते.

मीठ आणि तेल मोजायची एक आळशी पद्धत सापडली आहे. रोज चमचे कोण मोजणार? मी पाकिटावर उघडल्याची तारीख लिहितो. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे चौघांना २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचं पाकीट निदान ५० दिवस पुरायला हवं, आणि खरं तर त्याहून जास्त, कारण ब्रेड, सॉस, चिप्स यातलं मीठ वेगळं जातंच. तेलाचं पण बाटलीवर तारीख टाकून ठेवायची आणि पुढची बाटली नेहमीपेक्षा लवकर उघडली गेली तर कळतंच की या महिन्यात तळण जास्त झालंय. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि भाजी परतताना "अजून थोडं" म्हणून हात जो वाकडा होतो तो मोठा चमचाच असतो. यावरून कोणाला काही बोलावं लागत नाही, बाटलीच बोलते.

घरच्यांचं काय झालं ते सांगितलंच पाहिजे. मुलगी दुसऱ्याच आठवड्यात, "बाबा, परत चणे?" तिचं चुकलं नव्हतं. स्वस्त आणि हेल्दी असं दोन्ही करायला गेलं की तेच तेच येतं, हे कोणी सांगत नाही पण खरं आहे. त्यावर आम्ही असं केलं की मूळ वस्तू तीच, शेवट वेगळा. रविवारी चणे रस्स्यात, सोमवारी तेच चणे कोरडे, ओव्हनमध्ये कुरकुरीत करून काकडी-टोमॅटोवर लिंबू पिळून. त्या लिंबाचा अजून एक फायदा, कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीराला पटकन घेता येत नाही, सोबत क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. उलट जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली की कमी होतं. हे मी अण्णांना सांगितलं कारण त्यांना जेवण झालं की लगेच चहा लागतो. "तासाभराने घ्या ना अण्णा." "अरे, इतकी वर्षं घेतोय, काय झालं मला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ते चहा घेतात तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

आणि मुलीला आठवड्यातला एक दिवस देऊन टाकला. त्या दिवशी काय करायचं ते ती ठरवणार, अट एवढीच की घरात जे आहे त्यातूनच आणि भाजी दिसली पाहिजे. ती आता स्वतःहून फ्रिज उघडून "हे मशरूम उद्यापर्यंत टिकणार नाहीत" असं सांगते, आणि खरं सांगायचं तर मला हे कुठल्याही मार्कांपेक्षा भारी वाटतं.

एक दिवस मुद्दाम मोकळा. आधी मी सातही संध्याकाळी भरायचो, पण माणसं आहेत, कोणी अचानक जेवायला येतं, कोणाची तब्येत बिघडते, कधी ऑफिसातच दहा वाजतात. मोकळा दिवस असला की मागे राहिलेलं त्यात सरकवता येतं, आणि काहीच राहिलं नाही तर बाहेर खायचं, मनात काही न ठेवता. शनिवारी दुपारी उरलंसुरलं. उरलेल्या सगळ्या अर्ध्या-पाव भाज्या एका भांड्यात, मूठभर डाळ, पाणी, झालं सूप. चव दर वेळी वेगळी, काही वेळा फार बरी, काही वेळा नुसतीच गरम.

याशिवाय अडीनडीला म्हणून डोकं न वापरता होतील असे दोन-तीन प्रकार कायम घरात. डाळ-तांदूळ एकत्र कुकरला आणि वर मटार. अंडी आणि ब्रेड. फ्रीझरमधले चणे आणि तो परतलेल्या मसाल्याचा डबा. वीस-पंचवीस मिनिटांच्या आत होतात, आणि बाहेरून मागवलं तर साधारण त्यापेक्षा जास्तच वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून बघा.

पैशाचं विचाराल तर पहिल्या महिन्यात खर्च वाढला. हो, वाढला. कारण कडधान्यं, डबे, मसाले, तो थर्मामीटर हे सगळं एकदम आलं, आणि भाजी-फळं तर आधीपेक्षा दुप्पट. मग हळूहळू खाली आला आणि आता आधीच्यापेक्षा कमी आहे, पण किराणा तेवढाच आहे बरं का, कमी झालंय ते बाहेरचं आणि फेकलेलं. आणि वेळ लागतो. रविवारचे दीड-दोन तास जातात, यादी करायला वीस मिनिटं जातात, आणि ती कोणाची तरी जातात. स्वस्तात चांगलं खा म्हणणारे हा वेळ धरत नाहीत, कारण बहुतेक घरांत तो वेळ एकाच व्यक्तीचा असतो आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. आमच्याकडे म्हणून निवडणं-सोलणं अण्णांकडे, भांडी-डबे मुलीकडे, शिजवणं आम्ही दोघं, यादी माझी. अण्णा टीव्हीसमोर बसून पालेभाजी निवडतात आणि वर दर्जावर टीका पण करतात, "ही आज कुठून उचलून आणलीस?"

नाश्त्याचं मात्र अजून काही खरं नाही. सकाळी सगळ्यांच्या वेळा वेगळ्या, आणि पाकिटातल्या सीरियलचं लेबल वाचायला लागल्यापासून ते घ्यावंसं वाटत नाही. २००० कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली असावी आणि जमलं तर २५, आणि आमच्याकडच्या पाकिटात १०० ग्रॅममागेच ३० च्या वर साखर. सध्या साधे ओट्स रात्री दुधात भिजवून त्यात केळं कुस्करून ठेवतोय. बायकोला चालतं, मला चालतं, अण्णा त्याला लापशी म्हणून गरम करून खातात, मुलगी अजून हात लावत नाही. तिचं म्हणणं ते दिसायलाच खराब आहे. पुढच्या आठवड्यात अंड्याचं काहीतरी बघणार आहे तिच्यासाठी, कोणाकडे सकाळी दहा मिनिटांत होणारं आणि डब्यात पण नेता येणारं काही असेल तर सांगा.